शीण शरीराचा की डोक्याचा? वावरात राबणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. माझं माहेरही कापसाच्या वावराचंच. ओपीडीत सगळ्यात जास्त कानावर येणारी तक्रार ताप-खोकल्याची नसते. "आंग मोडून आलं", "हातापायात जीव नाही", "डोकं जड पडलं", "काही करावंसंच वाटत नाही" ही ती तक्रार. रजिस्टरमध्ये तिला धड रकाना नाही. लोक औषध मागतात आणि जाता जाता दारात उभं राहून खरा प्रश्न विचारतात. ते दारातले प्रश्न मी वहीत टिपत गेले. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे उत्तरांसह देते आहे.

कष्ट किती झाले हे मोजायचं कसं? मशीन लागते का?

मशीन लागत नाही. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने यासाठी ६ ते २० अशी एक शिडी तयार केली. ६ म्हणजे निवांत बसलेलो, १३ म्हणजे जरा जड जातंय, २० म्हणजे आता एक पाऊलही नाही. आकडा ६ पासून सुरू होण्यामागे हिशेब आहे. तरण्या निरोगी माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण त्याच्या नाडीचे ठोके येतात. म्हणजे "मला जड जातंय" ही भावना नुसती कुरकुर नसते, शरीराची आतली मोजणी तिच्यात उतरलेली असते.

आकडे नको असतील तर बोलून पाहा. निंदताना गाणं म्हणता येतंय तर काम हलकं आहे. गप्पा मारता येतात पण गाणं जमत नाही, तर मध्यम. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, तर काम जड आहे आणि ते तासन्‌तास ओढायचं नसतं.

डोक्याच्या कामानं माणूस खरंच थकतो का? बसून थकलो म्हटलं की लोक हसतात.

थकतो. हे मला स्वतःला उशिरा कळलं. माझे बाबा पीककर्जासाठी तालुक्याला जायचे, दिवसभर बाकावर बसायचे, संध्याकाळी परत आले की बाजेवर आडवे व्हायचे. आजी म्हणायची, "बसून आला अन् थकला?" मीही तेव्हा हसायचे. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण आपण स्वस्थ पडलेलो असतानाही तो शरीराच्या एकूण ऊर्जेतला जवळपास वीस टक्के वाटा खातो. गंमत अशी, की डोकं खूप चालवलं तरी हा खर्च फारसा वाढत नाही. म्हणजे डोक्याचा शीण भाकर कमी पडल्याने येत नाही. मग येतो कुठून? पॅरिसच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं, की दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूत, निर्णय आणि संयम सांभाळणाऱ्या पुढच्या भागात ग्लुटामेट नावाचं द्रव्य जास्त साचलेलं होतं. ही माणसं दिवसाच्या शेवटी सोपा, लगेच फळ देणारा पर्याय निवडू लागली. थकल्या डोक्याने पैशाचा निर्णय घेऊ नये, हे मी त्यातून उचललं. सावकाराच्या कागदावर सही करायची असेल तर सकाळी करा, घरच्या माणसाला सोबत घेऊन.

याचा थेट संबंध अंगमेहनतीशीही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीत तुरीन इथे अँजेलो मोसो या शरीरशास्त्रज्ञाने बोटाने वजन उचलायला लावणारं एक यंत्र बनवलं. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकांची बोटं त्याच वजनाला लवकर हार मानतात, हे त्याच्या लक्षात आलं. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रयोगात लोकांना दीड तास डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग सायकल चालवायला लावली. ती एरवीपेक्षा लवकर थांबली. हृदय आणि स्नायू तसेच काम करत होते, फक्त तेवढीच मेहनत त्यांना जास्त जड वाटत होती.

आपल्याकडे हे रोज घडतं. फवारणीचा पंप तोच, माणूस तोच. पण आदल्या रात्री हप्त्याचा निरोप आलेला असतो, आणि मग तो पंप पाठीवर दुप्पट होतो.

मी दिवसभर वावरात राबतो. मंग मले व्यायाम कायले पाहिजे?

प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. तेवढी तुमची सोमवारी दुपारपर्यंत होते. तरीही पोटापाण्यासाठीचे जड कष्ट आणि मोकळ्या वेळचा व्यायाम यांचा शरीरावरचा परिणाम सारखा नसतो. व्यायाम करणारा थांबतो, पाणी पितो, दुसऱ्या दिवशी विसावा घेतो. वावरातला माणूस एकाच बाजूला वाकून आठ तास काढतो आणि उद्या पुन्हा तेच. हृदयाला, कमरेला सावरायला सवडच मिळत नाही.

म्हणून तुम्हाला आणखी घाम गाळायची गरज नाही. उलट्या दिशेच्या हालचालीची आहे. तासाभराने धुऱ्यावर सरळ उभं राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूच मागे झुका, खांदे मागून फिरवा. निंदताना उकिडवं बसणं आणि एक गुडघा टेकणं आलटून पालटून करा.

कष्ट तर आमच्या बापानंही केले. त्याले नाही शीण आला?

आला असेल, सांगितला नसेल. एक फरक मात्र मला नक्की वाटतो. बैल दमला की औत सुटायचं, आणि बैलासोबत माणूसही झाडाखाली बसायचा. ट्रॅक्टर दमत नाही, आणि भाड्याचा असेल तर तासावर पैसे चढतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, हळद-तूप चोळतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो. पोळ्याला त्याला जुंपत नाही. राबणाऱ्या खांद्याला विसावा लागतो हे आपल्या गावाला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. मी लोकांना एवढंच विचारते, की घरातल्या माणसांचे खांदे कधी शेकले?

बायको म्हणते, थकली थकली. काम तर माह्यापेक्षा हलकंच करते.

भाऊ, जरा बसा. याचं उत्तर लांब आहे.

आधी तास मोजू. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होते, पुरुषांची ९७. म्हणजे वावरातल्या मजुरीच्या अलीकडे-पलीकडे तिचे पाच तास. पहाटे पाणी, चूल, शिदोरी. मग वेचणी. संध्याकाळी पुन्हा चूल.

आता वेचणी पाहू. कमरेला ओटी बांधून, वाकून, एकेक बोंड. ओटी भरत जाते तसं पुढचं वजन कमरेला ओढतं. पैसे किलोवर, म्हणून थांबायचं नाही. पऱ्हाटीच्या कोरड्या टोकांनी बोटं फाटतात. आणि वावरात आडोसा नाही म्हणून कित्येक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं ठणकतं, लघवीला जळजळ होते, त्यालाही थकवाच म्हणतात. वीस बायका वेचायला आल्या असतील तर दोन साड्यांचा आडोसा उभा करायला दहा मिनिटं लागतात. मालकांनो, एवढं करा.

मग रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्त कमी निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. रक्त कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी, म्हणजे त्या ६ ते २० च्या शिडीवर तुमच्यासाठी १२ वर असलेलं काम तिच्यासाठी १६ वर. काम हलकं की जड, हे काम पाहून ठरत नाही. करणाऱ्याच्या अंगातलं रक्त पाहून ठरतं.

आणि शेवटी डोकं. पीठ संपलं, पोराची फी भरायची, सासूची बीपीची गोळी, भिशीचा हप्ता, गावातलं लग्न, आहेर काय द्यायचा. ही यादी ती वेचतानाही मनात घोळवत असते. पुरुषाला विचारलं तर तो म्हणतो, "सांगितलं असतं तर मी आणलं असतं." सांगायची आठवण ठेवणं हेच तर काम आहे. एखादी जबाबदारी पूर्ण उचला, आठवणीसकट. सासूच्या गोळ्या तुमच्याकडे घ्या, संपायच्या आधी आणण्यापर्यंत.

लोहाच्या गोळ्या उपकेंद्रावर मोफत मिळतात. लिंबाच्या पाण्यासोबत घ्या. चहा मात्र गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर नको, त्याने लोह अंगी लागत नाही. शौच काळी होते, घाबरू नका.

किती खाल्लं पाहिजे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामात दिवसाला साधारण २,११० उष्मांक लागतात, जड कामात ३,४७०. ५५ किलोच्या बाईला बैठ्या कामात १,६६० आणि जड कामात २,७२०. म्हणजे रोवणीला, भात लावायला जाणाऱ्या बाईचं जेवण दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या पुरुषापेक्षा जास्त हवं. किती घरांत तसं वाढलं जातं, ते तुम्हीच आठवून पाहा. ती सगळ्यांच्या मागून, उरलेलं खाते.

शिदोरी वाईट नसते. ज्वारीची भाकर, चून, कांदा ही भक्कम गोष्ट आहे. त्यात जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, एक वाटी वरण किंवा दही आलं की पुष्कळ झालं. सकाळी नुसत्या चहावर वावरात जाऊ नका.

सिस्टर, एक सलाईन लावून द्या. ताकद येते म्हणतात.

रोजचा प्रश्न. हिशेब सांगते. साध्या मिठाच्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि ताकद शून्य. ग्लुकोजची पाच टक्केवाली अर्ध्या लिटरची बाटली घेतली तर तिच्यात २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभरेक उष्मांक. एका भाकरीतून याहून जास्त मिळतं. तास-दोन तास आडवं पडल्याने बरं वाटतं, ते श्रेय बाटली घेऊन जाते. उलटी-जुलाब थांबत नाहीत, तोंडाने पाणी जात नाही, तेव्हा सलाईन जीव वाचवते. नुसत्या थकव्याला नको.

कमरेत घेतलेलं दुखण्याचं इंजेक्शन आणि मेडिकलवरून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दल जास्त काळजी वाटते. उन्हात घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या औषधांचा भार किडनीवर पडतो. वेचणीच्या हंगामात रोज एक गोळी खाऊन काम करणारे लोक आहेत. तसं करू नका.

काम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त का दुखतं?

बऱ्याच दिवसांनी केलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, ती भरून येताना दुखतं. एक ते तीन दिवस जोर असतो, मग उतरतो. "ॲसिड साचतं" म्हणतात, ते खरं नाही. तसलं आम्ल काम थांबल्यावर तासा-दोन तासांत निघून जातं. हलकं चालत-फिरत राहा. लघवी काळ्या चहासारखी आली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

नवतप्यात काम करावं का? खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही ना?

कांदा खा. खिशात ठेवून अंग थंड होत नाही.

चंद्रपूर, नागपूर, अकोला, वर्धा या भागांत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नवं नाही. अशा उन्हात जड काम करताना तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त घाम जातो. तहान त्यामानाने उशिरा लागते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागो न लागो. पण तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं मीठ पातळ होतं. ताक मीठ घालून प्या, आंबील प्या. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं पाकीट एका पेल्यात नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

शरीर उन्हाला सरावतं, त्याला एक ते दोन आठवडे लागतात. नागपूर-पुण्यात नोकरी करून सुट्टीत आलेला पोरगा पहिल्याच दिवशी बापाच्या बरोबरीने काम करायला जातो आणि दुपारी कोसळतो. पहिल्या दिवशी थोडंच करा, रोज थोडं वाढवा. तेंदूपत्ता तोडणारे आमचे गोंड, कोलाम बांधव उजाडायच्या आत जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत पानांची मुडकी घेऊन परततात. तेच वेळापत्रक वावराला लावा.

रोवणीच्या दिवसांतही सावध राहा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या बांध्यांमध्ये ऊन नसतं, पण हवा कोंदट असते. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही.

उष्माघाताची सगळ्यात मोठी खूण डोक्याची असते. माणूस बरळतो, अडखळतो, कुठे आहे ते सांगता येत नाही, भोवळून पडतो. अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर जातं. "घाम येऊन राहिला म्हणजे उष्माघात नाही" असं मानू नका, काम करताना झालेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. १०८ ला फोन लावा आणि गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, हाताशी असेल ते पाणी अंगभर ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

घरात सिकलसेल आहे. कष्टाचं काम चालेल का?

विदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, अमरावतीतलं मेळघाट, आमचं यवतमाळ, सगळीकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. एसएस म्हणजे ग्रस्त व्यक्तीच्या लाल पेशी पाणी कमी पडलं, थंडी लागली, अतिश्रम झाले की विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. अशा माणसाने रोजगाराचं काम अजिबात करायचं नाही असं मी म्हणत नाही. पण हलकं, सावलीतलं, थांबत थांबत, पाणी पीत पीत. पहाटे गार पाण्यात पाय ठेवून ओलित नको. त्याला आळशी म्हणणाऱ्याला आधी हा आजार समजावून सांगा.

एएस म्हणजे वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो. मात्र भर उन्हात, पाण्याविना, जीव तोडून पळण्यासारख्या श्रमात त्यालाही धोका संभवतो. भरतीच्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. देशव्यापी सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. बोटाच्या थेंबावर तपासणी होते. लग्न ठरवण्याआधी तर कराच.

पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पळतो, दिवसभर अभ्यासिकेत, तरी मार्क वाढत नाहीत.

मैदानी चाचणीला ५० गुण, लेखीला १००. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे चार वाजता पळणारी ही पोरं पाहिली की जीव भरून येतो, आणि भीतीही वाटते. दोन्हीकडचे कष्ट एकाच अंगातून निघतात, हे त्यांना कोणी सांगत नाही. रात्री बारापर्यंत वाचायचं आणि चारला उठायचं, यात पाठांतर पक्कं होत नाही आणि पायही भरून येत नाहीत. शिकलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच होतं.

माझा सल्ला : दहाला झोप, पाचला उठ. आठवड्यात दोनच दिवस जीव तोडून पळ, बाकी दिवस बोलता येईल अशा वेगाने. एक दिवस अजिबात नको. गणित-बुद्धिमत्ता सकाळी पळून आल्यावर, न्हाऊन-खाऊन. चालू घडामोडी दुपारी. नडगी दुखत असेल तर डांबर सोडून मातीवर पळ. आणि बापाने दर रविवारी "झालं का?" विचारू नये.

जागलीनं झोपच होत नाही. दिवसा झोपलं तर चालते का?

चालतं, आणि झोपलंच पाहिजे. हरभरा उभा असला की रोही (नीलगायी) आणि रानडुकरं येतात, म्हणून रात्रभर राखण. त्यात कृषिपंपाची लाइन रात्रीची. माणूस मचाणावरून उतरतो तो मोटर चालू करायला, आणि उजाडल्यावर थेट कामाला.

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं भान आणि हाताची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते, २४ तासांनी ०.१० टक्के. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे जागलीवरून येऊन मोटरसायकलवर दुधाचं कॅन टाकणारा माणूस, दारूचा थेंब न घेता, त्या मर्यादेच्या पलीकडे असतो. आमच्या भागात मळणीयंत्रात हात गेलेल्या एका भाऊंना मी मलमपट्टी करताना विचारलं होतं, रात्री झोपले होते का. ते म्हणाले, "चार दिवसांपासून वावरातच."

धुऱ्याला धुरा असलेल्या चार जणांनी पाळी लावली तर चौथ्या दिवशी एकदा जागावं लागतं. भावकीत बोलणं नसतं, मला माहीत आहे. तरी बोलून पाहा. जागलीनंतरच्या सकाळी मळणीयंत्र, कडबा कटर, विहिरीवरचं काम आणि गाडी नको. घरी येऊन अंधार करून झोपा, तीन-चार तास मिळाले तरी घ्या. ते जमत नसेल तर वीस मिनिटांची डुलकी, आणि उठल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ देऊन मगच काम. घरच्यांनी त्या वेळी "दिवसा लोळते" म्हणू नये.

खर्रा खाल्ला की काम उरकते. मग वाईट काय?

काम उरकत नाही, थकवा कळत नाही. खर्र्यातल्या तंबाखूने नाडी वाढते, भूक मरते, तोंड कोरडं पडतं, आणि शरीर जे "थांब" म्हणत असतं ते ऐकू येत नाही. मग येतो तोंडाचा कॅन्सर. तोंड तीन बोटं उघडत नसेल तर उद्याच दाखवा. शिणावर दारू घेणाऱ्यांना झोप पटकन लागते, पण पहाटे दोन-तीनला मोडते, आणि सकाळी शीण तसाच.

फवारणी केल्यावर गळल्यासारखं होते. उन्हानं असेल?

उन्हानेच आहे असं धरू नका. १६ लिटरचा पंप पाठीवर असतो, श्वास जोरात चालतो, घामाने कातडी ओली असते, म्हणजे विष आत जायला सगळ्या वाटा मोकळ्या. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यांपुढे अंधुक, बाहुल्या बारीक, मळमळ, हात थरथरणं यांतलं काहीही दिसलं तर कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात या. वाऱ्याच्या विरुद्ध आणि भर दुपारी फवारू नका.

किती वजन उचलावं?

अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेच्या हिशेबाने वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, कुठेही पिळा न पडता उचलायचं असेल तरी मर्यादा २३ किलो. युरियाची गोणी ४५ किलोची. म्हणून ती दोघांनी उचलायची. ज्याच्या कमरेतून कळ पायात उतरते त्याने तर हातच लावू नये.

विश्रांती घेऊनही शीण जात नाही. काय समजायचं?

दोन रविवार नीट झोप आणि जेवण होऊनही अंग हलकं झालं नाही, तर तपासणी करा. रक्त, साखर, थायरॉइड, आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा वजन घटत असेल तर क्षयरोग. चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर सांधे कित्येक महिने दुखू शकतात.

सगळे रिपोर्ट चांगले आले, तरी माणूस विझलेला. पहाटे तीनला जाग येते, जेवणाची चव गेली, वावराकडे पाय वळत नाही, ज्या भजनाला जायचा तिथे जात नाही, "माझा घरावर भार झाला" म्हणतो. हे दोन आठवडे टिकलं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा एक कार्यक्रम झाला होता. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलत, समुपदेशन करत, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवत. अठरा महिन्यांत, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. विदर्भातला माणूस बोलत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते. विचारणारा दारात आला तर तो बोलतो.

मरणाचे विचार येत असतील तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवून कुलपात ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

घरचा माणूस ऐकत नाही. "मले काही झालं नाही" म्हणते. त्याले कसं सांगू?

सांगू नका, विचारा. आणि रोज, एकाच वेळी. आमच्या गावातल्या एका काकूंना मी ती ६ ते २० ची शिडी शिकवली. त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या नाहीत, पण वीसपर्यंत मोजतात. काका वावरातून आले, ओसरीवर बसले, की त्या पाण्याचा गडवा पुढे ठेवतात आणि विचारतात, "आज किती?" पहिले आठ दिवस काका चिडले. नवव्या दिवशी म्हणाले, "पंधरा." आता तेच काकूंना विचारतात, आणि काकूंचा आकडा त्यांच्यापेक्षा मोठा निघतो तेव्हा गुमान उठून पाण्याचा गुंड भरून आणतात. दोघांपैकी कोणीही सलग तीन दिवस सतरा म्हणालं तर उपकेंद्रावर यायचं, असं आमचं ठरलं आहे. दार बंद दिसलं तर मागच्या क्वार्टरची कडी वाजवायची.